मंगळवारची टीम

९ ऑक्टोबर १९९६, बुधवार
जिंकलो. ३-१. युनिव्हर्सिटीचा फुटबॉल कप लागोपाठ तिसऱ्यांदा आपल्याकडे. एवढंसं कॉलेज, दोन मजले आणि एक ग्राउंड. समोर हॉस्टेलवाली, जिमवाली, पगारी कोच ठेवणारी बडी कॉलेजं. सगळ्यांना पाणी पाजलं.
कप स्कूटरवर पायांशी, मागे कॅप्टन भटू. लिंबायतच्या तिन्ही गल्ल्यांतून हॉर्न वाजवत मिरवलो. टीम सगळी तिथलीच, लूमवाल्यांची, म्हणजे यंत्रमाग कामगारांची पोरं. सकाळी कॉलेज, दुपारनंतर बापाशेजारी लूमवर. भटूचे वडील दगडूअण्णा यांनी कप उलटा करून बूड पाहिलं. "पितळ शे का?" मी म्हणालो, घाम आहे. स्वतःच्या उत्तरावर स्वतःच खूश झालो.
सु.ला घरी तेच सांगितलं. म्हणाली, छान, आता हात धुऊन जेवायला बसा.

१२ ऑक्टो., शनिवार
सत्कार. प्रि. देसाईसाहेबांच्या भाषणात माझं नाव चार वेळा. मोजलं. मी शिस्तीवर बोललो. मंगळवारी सकाळी सहा म्हणजे सहा, एक मिनिट उशीर झाला तर ग्राउंडला पाच फेऱ्या, नऊ वर्षांत एकदाही ढिलाई नाही, वगैरे. भरपूर टाळ्या.
मग पाहुणे शेठ उठले. "आवा छोकरा तो मारे त्यां जोईए." अशी पोरं त्यांच्याकडे हवीत म्हणे. कडोदऱ्याला त्यांचा नवा कारखाना सुरू होतोय. ऑटोमॅटिक लूम, आठ तासांची पाळी. सगळ्या टीमला जागा. सर, नावं द्या, म्हणाले. मी तिथेच स्टेजवर अकरा नावं लिहिली, माझ्या सुवाच्य अक्षरात, खाली झोकदार सही. पोरांच्या आया मागे बसल्या होत्या, त्यांनी कडाकडा बोटं मोडली. एकीने तर माझ्याही गालांवरून हात फिरवला.
सु.: "अकराच्या अकरा?"
मी: "एकाला जरी वगळलं असतं तरी पाप लागलं असतं."
तिने माझा हार खुंटीला टांगला. आजचा दिवस माझ्या नोकरीतला सर्वांत मोठा.

१५ ऑक्टो., मंगळवार
लिंबायतला लाइटची रजा, म्हणजे दर मंगळवारी वीज बंद, त्यामुळे लूम बंद. म्हणून नेहमीप्रमाणे सहाला ग्राउंड. चॅम्पियन विरुद्ध काकामंडळी. काका म्हणजे पोरांचे बाप, चुलते, मामा. पायजमे गुडघ्यापर्यंत दुमडलेले, पाय अनवाणी. चॅम्पियन २-४ हरले. दगडूअण्णांनी पन्नाशीत भटूला असा खांदा दिला की तो लाइनबाहेर. वर हात देऊन उठवलं आणि चूक कुठे झाली ते समजावत बसले. पोरं म्हणतात, सर, कप यांनाच देऊन टाका. दर मंगळवारचं आहे हे.
मी शिट्टी घेऊन 'जागा सोडा, जागा सोडा' ओरडत होतो. कोणी ऐकलं नाही.

२६ नोव्हें., मंगळवार
पोरं दिवाळीला धुळे-जळगावकडे जाऊन आली. अकराही जण कडोदऱ्याला रुजू झाले, कॉलेज आता पाळीतून वेळ मिळेल तसं. अभिनंदनाची तीन पत्रं आली, चिकटवून ठेवली.
सहाला ग्राउंडवर चार जण. काका आले, अर्धा तास उभे राहिले, चहाला गेले. सात वाजले तरी चारच. फेऱ्या कोणाला मारायला लावू?

३ डिसें., मंगळवार
दोन.

५ डिसें., गुरुवार
भटूला कॉलेजच्या फाटकात धरला. सगळ्यांदेखत झाडला. कप डोक्यात गेला, पगार हातात आला, सर कोण, शिस्त कोणाची. तो मान खाली घालून ऐकत राहिला. माझं संपल्यावर म्हणाला, "सर, तिथे मंगळवारी लाइट जात नाही. शेठचं जनरेटर आहे. एकाची सुट्टी सोमवारी, एकाची गुरुवारी, माझी रविवारी. पाळ्या पण वेगळ्या. आम्ही अकरा जण आता एकमेकांना गेटवरच भेटतो."
आणि वर सॉरी पण त्यानेच म्हटलं.
स्टाफरूममध्ये येऊन हिशेब मांडला. नऊ वर्षं शिस्तीवर भाषणं ठोकली. शिस्त कसली, लाइटची रजा होती ती. तीन गल्ल्या एकाच दिवशी मोकळ्या, पोरं मोकळी, काकाही मोकळे. खेळ काकांनी शिकवला. मी शिट्टी वाजवली. आणि ती अकरा पोरं अकरा दिशांना पाठवली तीही मीच, सुवाच्य अक्षरात. फार लाज वाटली. कोणाला सांगावंसं वाटेना, सु.ला सांगितलं. ती म्हणाली, नोकऱ्या लागल्या हे वाईट झालं का? नाही झालं. तीच तर पंचाईत आहे.

२० जाने. १९९७, सोमवार
शेठकडे गेलो. खमण, चहा, आदर. निदान टीमला तरी एक सुट्टी द्या म्हटलं. "साहेब, अगियार जण साथे रजा पर? पछी लूम कोण चलावे?" हसले. माणूस वाईट नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हसलो असतो.

८ जुलै, मंगळवार
नवं वर्ष. चौघे पास होऊन गेले, कडोदऱ्याचे सात उरले. नव्या पोरांसाठी गल्ल्या पालथ्या घातल्या. पूर्वी मला पाहून आया पोरांना पुढे ढकलायच्या. आज एकीने सरळ विचारलं, "सर, बॉल न खेळता कडोदऱ्याची चिठ्ठी नाही का मिळणार?" तिचं काही चुकलं नाही. त्या कपामुळे नोकरी लागते हे मीच स्टेजवरून दाखवलं होतं, आता मधला कप कशाला?
एकूण पाच मिळाले. सात अधिक पाच बारा.
प्रि.नी बोलावलं. या वर्षी टीम उतरली नाही तर ग्राउंडची जरूर काय? त्या जागी कॉम्प्युटरची इमारत घ्यायची आहे. नकाशा टेबलावर तयार. त्यात गोलपोस्टच्या जागी जिना. मी म्हणालो, टीम उतरेल. मोठ्या आवाजात म्हणालो.

४ सप्टें., गुरुवार
सापडलं. भटूच म्हणाला होता, गेटवरच भेटतो. दुपारी तीनला पहिली पाळी बाहेर, दुसरी आत. तीनच्या पाळीचे अडीचला आले आणि सकाळचे तीनच्या थोडे आधी सुटले तर? मुकादमाला गाठलं. सकाळच्यांना पावणेतीनला सोडतो, म्हणाला. त्याचा मुलगा आपल्याकडे बी.कॉम.ला आहे. पास होईल असं मी काही म्हटलेलं नाही, फक्त हुशार आहे म्हटलं.
ज्याची सुट्टी तोही तेवढ्यापुरता येईल. म्हणजे रोज पंधरा मिनिटं सातही जण एकत्र. गेटसमोर मोकळा प्लॉट. स्कूटर, चार बॉल, नवे पाच बसने. या वयातही डोकं चालतं माझं.

२० सप्टें., शनिवार
आज दोन आठवडे झाले. पंधरा मिनिटांत कोण वेळ घालवणार? उशीर नाही, गप्पा नाहीत, फेऱ्या नाहीत. मी शिट्टीही नेत नाही. हायवेवरचे ट्रकवाले थांबून बघतात. एक सरदारजी रोज तीनला ब्रेक मारतो.
पहिली मॅच आज. ४-०. त्या जिमवाल्यांचा कोच मला विचारतो, प्रॅक्टिस कुठे करता? मी म्हणालो, नॅशनल हायवेवर.

२७ सप्टें., शनिवार
सेमीफायनल, पेनल्टीवर. भटूची शेवटची. माझ्याच्याने बघवेना, मी सरबतवाल्याकडे तोंड करून उभा होतो. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.
फायनलमध्ये. चौथ्यांदा. प्रि.नी स्वतः फोन केला. नकाशाचं नाव काढलं नाही.

३ ऑक्टो., शुक्रवार
फायनल मंगळवारी सकाळी दहाला. सातांपैकी चौघे त्या आठवड्यात सकाळच्या पाळीत. सेमीफायनलला रजा झाली, आता नाही. मुकादम तरी काय करणार? बदली आणा, खुशाल जा, म्हणतो. लूमवर तोच रिवाज. आपल्या जागी माणूस उभा करायचा आणि जायचं. पण कडोदऱ्यात कामाचा दिवस, मोकळा माणूस कुठून आणायचा?
आठ जणांनी फायनल खेळायची. दगडूअण्णा रस्त्यात भेटले, त्यांच्यापाशी मन मोकळं केलं. ते म्हणाले, "व्हई जाई, मास्तर." काय व्हई जाई ते सांगितलं नाही.

७ ऑक्टो., मंगळवार
आजच लिहायचं.
साडेनऊला ग्राउंडवर आलो तर बाराही जण बूट बांधत बसलेले. चौघांना विचारलं, पळून आलात? भटू म्हणाला, "बदली दिली, सर." कोण? "काका."
मंगळवार, लिंबायतला लाइटची रजा. काकामंडळी पहाटेच्या बसने कडोदऱ्याला गेली. चार जागांना नऊ जण, एकाला नवं लूम जमलं नाही तर दुसरा हवा म्हणून. मुकादमाने आधी नाक मुरडलं. दगडूअण्णांनी पाच मिनिटं लूमकडे पाहिलं आणि सुरू केलं.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमच्या बाजूच्या लाइनवर एकही काका नव्हता. पोरं सारखी तिकडे बघत होती.
पहिला हाफ ०-१. मध्यंतरात माझ्याजवळ भाषण नव्हतं. एवढंच म्हणालो, तुमच्या जागी ते उभे आहेत. नंतर जे झालं ते मला नीट आठवतही नाही. नव्या पोराने बरोबरी केली. आणि शेवटी भटूने, दोघे अंगावर असताना, खांदा दिला. तोच खांदा, दर मंगळवारी खाल्लेला. गोल. २-१.
मी रडलो. सगळ्यांदेखत, रुमाल न काढता. चौथा कप. यातला माझा कोणता ते मला माहीत नाही, पण आनंद सगळा माझा.

८ ऑक्टो., बुधवार
संध्याकाळी कप घेऊन लिंबायतला. काकांनी मॅच पाहिलेली नाही, म्हणून सगळी सांगावी लागली. दुसरा गोल तीन वेळा. तिसऱ्यांदा दगडूअण्णांनी मला उठवून उभं केलं, भटू कुठे होता, बॉल कुठे होता, ते ओट्यावर पावलं टाकून दाखवायला लावलं. मग म्हणाले, "माले दिसना आते." आता दिसला म्हणे त्यांना तो गोल. आणि डोळे पुसले.
प्रि. म्हणतात, ग्राउंड एक वर्ष राहील. पुढचं पुढे पाहू. भटूचं हे शेवटचं वर्ष.

१८ नोव्हें., मंगळवार
दिवाळीनंतरचा पहिला मंगळवार. सहाला ग्राउंडवर मी आणि दोन नवे. काका कोणीच नाहीत. आजारी की काय म्हणून लिंबायतला गेलो. गल्लीच्या तोंडाशीच स्कूटर थांबवली.
लूम चालू होती. मंगळवारी, तिन्ही गल्ल्यांत, एकजात.
मालकांनी मिळून सुट्टीत जनरेटर बसवलेत. लाइटची रजा संपली. आता काम सातही दिवस, मजुरी कापडाच्या मीटरवर, म्हणजे घरात तेवढं जास्त येणार. बायका दारादारांतून पेढे वाटत होत्या, माझ्या हातावरही ठेवला. मी खाल्ला. चांगला होता. वाईट वाटून घ्यायला मला तोंड नाही, आणि वाटल्याशिवाय राहतही नाही.
दगडूअण्णा दारात आले, अंगभर सुताचा कापूस. खुशीत होते. मी विचारलं, आता खेळायचं कोणत्या दिवशी? त्यांनी कानाला हात लावला, आवाजात काही कळत नाही म्हणून. मी आणखी जवळ गेलो, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ओरडून पुन्हा विचारलं. ते विचार करू लागले.