पर्यवेक्षकांच्या कोटांच्या अस्तरातील समानार्थी शब्दांबाबत

प्रति,
मा. केंद्रप्रमुख,
महाविद्यालय प्रवेश परीक्षा केंद्र,
वातानुकूलित सभागृह, तळमजला.

विषय : परीक्षेच्या दिवशी पर्यवेक्षकांनी कोटाची बटणे लावून ठेवणेबाबत, अथवा एसी बंद ठेवणेबाबत.

संदर्भ : याच विषयावरील सोमवारचा अर्ज, जो आपल्या कार्यालयाने 'मजकूर आढळत नाही' असा शेरा मारून परत पाठवला.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा कोपऱ्यावरच्या शिलाईच्या दुकानाचा मालक असून आपल्या केंद्रावरील सर्व पर्यवेक्षकांचे राखाडी कोट त्यानेच शिवले आहेत. कोट अंगाला छान बसल्याचे आपण स्वतः दुकानात येऊन सांगितले होते. सबब प्रस्तुत तक्रार कोटांच्या बाहेरच्या बाजूबद्दल नाही. ती आतल्या बाजूबद्दल आहे, आणि अर्जदाराने ती स्वतःविरुद्धच केलेली आहे.

२. अर्जदाराची धाकटी मुलगी येत्या रविवारी आपल्याच केंद्रावर परीक्षेस बसत आहे. गणिताचे तिला काही वाटत नाही. परंतु समानार्थी, विरुद्धार्थी, वाक्यातली चूक ओळखा, हा जो भाग आहे, त्याने सगळ्या घराच्या तोंडचे पाणी पळवले होते. अभ्यासाला टेबल एकच, तेही दुकानातले, कापड बेतायचे. वर पंखा. कागद उडतात, कापड उडत नाही. म्हणून मुलगी रोजचे शब्द कोटांच्या फिकट अस्तरावर, उलट बाजूने, लिहू लागली. त्यासाठी खुणा करायचे पेन वापरले, ज्याची शाई इस्त्री फिरवताच नाहीशी होते. अर्जदाराने कात्री चालवता चालवता शब्द विचारायचा, तिने अर्थ सांगायचा, बरोबर आला की त्यावरून इस्त्री. चुकला की शब्द राहायचा आणि त्याच्यापायी कोटही अडून बसायचा. "पाठ झाल्याशिवाय इस्त्री नाही," हा नियम तिचाच. आपला कोट उशिरा मिळाला त्याचे खरे कारण 'दुराग्रह' हा शब्द होय. मशीन बिघडल्याचे आपणांस मेहुण्याने सांगितले होते, अर्जदाराने नव्हे.

३. सर्व सुरळीत चालले असता गेल्या शनिवारी अभ्यासाने मुलीचे डोके ठणकू लागले. तिच्या आईने अस्तराच्या उरलेल्या तुकड्यात बर्फ बांधून तिच्या कपाळावर ठेवला. जरा वेळाने पाहते तो तुकड्यावर निळ्या अक्षरांत 'चिकाटी', 'सातत्य', 'नेट' असे शब्द उमटलेले. "अहो, धावा! पोरीच्या डोक्यातलं सगळं बाहेर यायला लागलं!" अशी हाक आली. तपासाअंती निष्पन्न झाले की, ही शाई उष्णतेने जाते ती कायमची जात नाही. गारवा लागला की परत येते. पेनांची पेटी स्वस्तात मिळाली म्हणून मेहुण्याने आणली होती. त्यास जाब विचारला असता तो म्हणाला, "मग भाऊजी, एकदा लिहिलं की दोनदा वाचता येतं, वाईट काय त्यात?" अर्जदार सध्या त्याच्याशी कामापुरतेच बोलतो.

४. आपल्या सभागृहातील गारवा अर्जदाराने मापे घेताना अनुभवला आहे. टेप धरलेला हात थरथरत असल्यानेच उंच सरांची डावी बाही किंचित तोकडी झाली. अस्तर पातळ असल्याने अक्षरे सुलट बाजूलाही दिसतील. ती आरशातल्यासारखी उलटी दिसतील हे खरे, पण आजकालची मुले तेवढ्याने अडायची नाहीत. शिवाय पर्यवेक्षक म्हटला की कमरेवर हात आले, आणि हात कमरेवर गेले की कोट दोन्हीकडे उघडतो, हा आमच्या धंद्यातला अनुभव आहे. म्हणजे ऐन परीक्षेत उंच सर डावीकडे समानार्थी आणि उजवीकडे विरुद्धार्थी घेऊन रांगांमधून फिरणार. चष्मेवाल्या बाईंचे वाक्प्रचार पाठीत असल्याने त्या निर्धोक आहेत. खुद्द आपल्याकडे, खिशाच्या वर, शुद्धलेखन आहे.

५. अक्षर कोणाचे हे उघडकीस आल्यास मुलीवर कॉपीचा ठपका येऊन तिचे वर्ष जाईल. केंद्रप्रमुखांच्या अंगावर कॉपी चढवणारी अशी विद्यार्थिनी दुसरी सापडणे कठीण. अर्जदाराचे मत गप्प बसावे असे होते. मुलगी म्हणाली, "बाबा, मी पास झाले तर ती माझ्या डोक्यानं. साहेबांच्या कोटानं झालेलं पास होणं मला नको. अर्ज करा." सबब हा अर्ज.

६. तरी विनंती की, सर्व कोट शनिवारी दुकानात पाठवावेत. नवे अस्तर लावून रविवारी सकाळी परत मिळतील, शिलाई घेतली जाणार नाही. ते न जमल्यास सर्वांनी बटणे लावावीत. तेही न जमल्यास (आपले मधले बटण जेवणानंतर लागत नाही याची अर्जदारास कल्पना आहे, क्षमा असावी) एसी बंद ठेवावा. तोही बंद होत नसल्यास अर्जदारास तापलेली इस्त्री घेऊन सभागृहात फिरण्याची परवानगी मिळावी. तो पर्यवेक्षकांच्या मागून, चपला काढून, आवाज न करता काम उरकेल.

७. मुलीबद्दल शंका राहू नये म्हणून निवेदन की, कोटांत गेलेला प्रत्येक शब्द तिला येतो. येत नसता तर इस्त्री फिरली नसती, आणि इस्त्री फिरली नसती तर कोट आपल्यापर्यंत पोहोचलाच नसता. वाटल्यास तिला बोलावून घ्यावे, कोट उघडून त्यात बघून हवे ते विचारावे. ती भिंतीकडे तोंड करून उत्तरे देईल.

कोटांची वाट पाहणारा, आपला नम्र,
(सही)
कोपऱ्यावरचा शिंपी
दिनांक : परीक्षेआधीचा गुरुवार

सोबत :
१) अस्तराचा तुकडा, बर्फासह. (पोहोचेपर्यंत नुसताच ओला झाल्यास क्षमस्व.)
२) आपण कोरा म्हणून परत केलेला सोमवारचा अर्ज. मुलीने घाईत तेच पेन उचलले होते आणि आपल्या कार्यालयात त्याच्या घडीवर चहाची गरम किटली ठेवली गेली, हे गोल डागावरून दिसते. कृपया फ्रीजमध्ये ठेवून मग वाचावा. सबंध अर्ज तिने एकटीने लिहिलेला असून त्यात एकही चूक नाही. एवढे तरी रविवारच्या आधी आपल्या नजरेस यावे.