माह्या हातातला हार

मावला,
ता. ९ मे १९९१

आदरणीय भाऊजी,

तुमाले अन् शकुबाईले दौलतचा जयभीम. आमी इकडं बरे हाव. ऊन लय तापून राह्यलं. पंचफुलानं संगीच्या लग्नासाठी कणकेचे सरगुंडे काडीवर वळून, वाळवून ठेवले. कोनासोबत पाठवावे समजत नाई, कारण आमाले बोलावणंच आलं नाई.

तक्रार नाई करून राह्यलो. पोरीचा मामा असा निघाला तर मीबी बोलावलं नसतं.

साक्षगंधात तुमी सगळ्याइसमोर माह्या हातात हार देला. "मामाच्या हातानं सुरुवात होऊ द्या," म्हणाले. बुद्धाची मूर्ती टेबलावर होती, तिथं मी फूल वाह्यलं. बाबासाहेबांचा फोटो वर भिंतीले होता, हार त्याले घालाचा होता. मी हार घेऊन नुसता उभा राह्यलो. मंग तो टेबलावर ठेवला अन् घराबाहेर निघून गेलो. मांगून पोराकडच्यायचं बोलणं कानावर आलं. "मामा पिऊन आला वाटते." दुसरा म्हणे, "कोन्या बुवाच्या नादी लागला असन." तुमची मान खाली गेली. शकुबाई रडली म्हणे. मंग मी निरोप धाडला का पोटात कळ आली होती.

पोटात काई नव्हतं, भाऊजी.

इथंपर्यंत लिहून कागद ठेवला होता. पुढचं लिहाले लाज वाटून राह्यली.

माहा उजवा हात वर जात नाई. छातीच्या वर नेला का खांद्यात अशी चमक निघते का डोळ्यात पाणी येते. छताचा गिलावा करू करू खांदा गेला. दिवसभर मान वर, थापी वर, अन् सिमिटाचा माल तोंडावर. डाक्टर म्हणते, हात वर करायचं काम सोड. आता सांगा, मिस्त्रीनं हात वर नाई केला तर त्यानं काय करावं? सदरा पंचफुला घालून देते. केसबी तेच विंचरते, लेकराचे विंचरते तसे. तवा मी तिच्याकडं पाहत नाई.

तुमी म्हणसान, मंग तवाच काऊन नाई सांगतलं? समोर नवरदेवाचा काका बसला होता ना, माणिकराव. तो माहा ठेकेदार. त्याच्या साइटवर मी खालच्या भिंती धरतो अन् छत दुसऱ्याच्या गळ्यात घालतो, डोळ्यात सिमिट गेलं म्हणून सांगतो. माहा हात गेला हे त्याले समजलं तर मले बिगारीतबी कोनी उभं करणार नाई. बिगाऱ्यालेबी घमेलं डोक्यावरच उचला लागते. मले वाटलं, दारुड्या म्हणतीन तर म्हणू दे, लुळा म्हणू नये. बाबासाहेबांपुढं उभा राहून मी माणिकरावले भ्यालो. झोपेतबी हे आठवते.

दारूचा थेंब मी कधी तोंडाले लावला नाई, शकुबाईले माहीत हाय. तरी ते बिचारी लोकाइसमोर काय बोलन? मी तिले बोलाले जागाच ठेवली नाई.

पंचफुला म्हणे, "भाऊजीले सांगा, लग्नात फोटो खाली टेबलावर ठेवा." मी तिच्यावर वसकलो. माह्या खांद्यासाठी बाबासाहेबांले खाली घेऊ नका. बोलावलं तर हार माह्याच हातात द्या. पंचफुला बाजूनं उभी राहीन अन् कोपराखालून माहा हात वर उचलन. वेळ लागन. माहं तोंड वाकडं होईन, कदाचित वरडीनबी. माणिकराव समोरच असन. पाहू द्या त्याले.

नाई बोलावलं तर सरगुंडे तेवढे ठेवून घ्या. संगीले आवडते.

हे पत्र शकुबाईले वाचून दाखवा. संगीले नका सांगू, तिनं मामाले लग्नातच पाहावं.

हात छातीपर्यंतच येते, भाऊजी. तिथं जोडून जयभीम करतो.

तुमचा साळा,
दौलत