छकुलीला हळू उठवायचंय

सूनबाई,

तुला उठवायला आले होते, पण गाढ झोपली होतीस. आज छकुलीचं ऑपरेशन, मी तिच्याकडे दवाखान्यात पुढे जाते.

काल भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं, माझी बहीण गजराला दचकून जागीच गेली, तोच हृदयाचा दोष छकुलीत उतरलाय. त्या म्हणाल्या, "बरं झालं बोललात, आजी. भुलीचं औषध बदलते. हृदयावर सतत लक्ष ठेवू."

शुद्धीवर येताना तिला हाका मारायच्या नाहीत. आपल्याकडे पायाला हात लावून उठवतात म्हटल्यावर त्यांनी मलाच आत बसायला सांगितलंय. अट एकच, तोंडातून शब्द काढायचा नाही. हसू नकोस, जमेल मला.

भाजी झाकून ठेवलीय, जेवून ये. निघताना दार हळू लाव. ती घरी नसली तरी सवय मोडायला नको.

सासूबाई