आत्याच्या विहिरीचं पाणी

८ एप्रिल
टँकर आजही नाही. कारखान्याची दुसरी पाळी बंद, माणसं दुपारीच घरी गेली. साहेबांनी लॅबमध्ये येऊन विचारलं, "मॅडम, पत्रे धुतलेलं पाणी साफ करून परत वापरता येईल का?" पाच वर्षं हेच सांगतेय. असो. आज ऐकलं.

१३ एप्रिल
मागच्या मोकळ्या जागेत वाफे खणले. आधी चुन्याची टाकी, मग खडी-वाळू, त्यात कर्दळ. दादांना सोबत नेलं. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली तरी 'आपला कारखाना'च म्हणतात. लेकीच्या हाताखाली खडी पसरली. जेवले मात्र कमी.

१४ एप्रिल
जयंती. खीर केली. आत्याला फोन केला. "येत नाय बाई, पाय दुखतेत." दरवर्षी हेच.
दुपारी दादा आपणहून बोलले. "तिची हीर मीच नासवली. साहेब म्हणायचा तेजाबाच्या पाण्याचा वॉल उघड, मी उघडायचो. नाला तिच्याच वावराकडं जातो, ठावं व्हतं मला."
तेव्हाचे साहेब वेगळे. पण दादांच्या ह्याच नोकरीवर मी बी.एस्सी. झाले. चहा ठेवला.

२ मे
वाफ्यातून पाणी आलं. दादांनी ओंजळीत घेऊन वास घेतला. "आंबूस नाय." मीटरनंही तेच सांगितलं. धुवायला चालेल.

१९ मे
दुसरी पाळी सुरू. जालन्याच्या एका स्टील कारखान्यातून इंजिनिअर बाई बघायला आल्या. त्यांचंही टँकरवरच चाललंय. मी आकडे दाखवत होते, त्या दादांशी बोलत होत्या.
"काका, सुरुवात कुठून करू?"
"आधी नाल्याचा वॉल कायमचा बंद करा. मग खणा."
त्यांनी वहीत लिहून घेतलं. आमचा वॉल अजून तसाच. चारला साहेबांनी तो कायमचा बंद करायला वेल्डर बोलावला. दादा शेवटपर्यंत उभे.

२३ मे
सकाळीच दादा म्हणाले, "आक्काकडं जाऊ." चिकलठाण्याच्या पुढं, नाल्याकाठी. आत्यानं बाज टाकली. दादांनी सगळं सांगितलं, वर न बघता.
आत्या म्हणाली, "मला ठावं व्हतं."
"कवापासून?"
"पहिल्या वर्सापासून. तू सांगशील म्हणून थांबले व्हते."
दादा लई रडले. आत्यानं पाठीवरून हात फिरवला, लहान पोराच्या फिरवावा तसा. मी विहिरीवर गेले. तळाशी हातभर पाणी, पिवळं. तपासायला बाटली भरून घेतली.
"सुधरंल का गं?" आत्यानं विचारलं.
खोटं बोलवेना. "वर्षं लागतील, आत्या. कदाचित नाहीच."
"बरं. तवर हा येत जाईल ना?"
दादा बाजेवरून उठले नाहीत. रिक्षा बघायला मी एकटीच रस्त्यावर आले.