डोकंफोडची पोस्टरं आणि माझा अग्नी

मी, रेणुका शेषराव वायाळ, वय एक्केचाळीस, मूळची देऊळघाटची, हल्ली राहणार बुलढाणा, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवते. यकृत कामातून गेले आहे, डोके शाबूत आहे. कोणाच्या दबावाखाली मी कधी गाणे म्हटले नाही, मग मृत्युपत्र काय लिहिणार!

१. राहते घर आई मनकर्णाबाईला. भाऊ भागवतने तिला तिथून हलवू नये.

२. 'डोकंफोड' या आमच्या पंक बँडची सगळी पोस्टरं छायाला. ड्रम तीच वाजवायची आणि लग्नपत्रिका छापायच्या स्क्रीनवर पोस्टरंही तीच छापायची. पुण्या-मुंबईचे संग्राहक आता तिच्या मागे लागले आहेत. तिने खुशाल विकावीत, फक्त नांदुऱ्याचे सोडून. त्यावरचा तपकिरी डाग शाईचा नाही.

नांदुऱ्याला कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंग कारखान्यात कार्यक्रम होता. पोस्टर आम्ही गमतीने श्रद्धांजलीच्या फलकासारखे केले: माझा हार घातलेला फोटो, खाली वेळ आणि ठिकाण. देऊळघाटच्या कोणीतरी नुसता फोटो पाहिला आणि आमच्या घरी रडारड सुरू झाली. भागवत जीपभर माणसे घेऊन माझे प्रेत न्यायला आला, तर मी माइकवर बोंबलत होते.

"जिती हायस? मंग आता मारतोच तुले!" म्हणत त्याने माइकचा स्टँड उचलला. माझ्या बरगड्या मोडल्या. आमचा गिटारवाला गोविंदा मध्ये पडला, त्याचा ओठ फाटला, दात पडले, रक्त भिंतीवरच्या पोस्टरवर उडाले. छायाने ड्रमची झांज काढून भागवतचे कपाळ फोडले. ती खूण त्याने जपावी. माझ्या मालमत्तेतून त्याला तेवढेच.

३. माझ्या प्रेताला भागवतने हात लावू नये. त्याची पाळी होऊन गेली. नांदुऱ्यानंतर "आमच्यासाठी ती मेली" म्हणून त्याने आणि वडिलांनी मी जिवंत असताना माझे दहावे घातले. पिंडाला कावळा शिवेना.

आई म्हणाली, "जित्या पोरीच्या पिंडाले कावळा काऊन शिवन बे?"

भागवत दर्भाचा कावळा करू लागला, तेवढ्यात आईने तो भात उचलून तोंडात घातला. वडिलांनी सगळ्यांदेखत तिला लाथ घातली. ती चिखलात पडली, पण घास तिने थुंकला नाही.

मला अग्नी आईनेच द्यावा. दहावे करू नये. माझा पिंड तिने खाल्ला आहे.

बुलढाणा, ९ फेब्रुवारी २०२५
सही : रेणुका शेषराव वायाळ

आमच्यासमोर सही झाली :
गोविंदा सोनुने, नांदुरा
धम्मशीला गवई, शेजारीण, बुलढाणा