उजवीकडचा ठिपका

प्रिय आई,

पत्र बघून दचकू नकोस. माझी तब्येत ठणठणीत आहे, नोकरीही शाबूत आहे. फोनच करणार होते, पण तुझा आवाज ऐकला की विचारायचं तेच विसरून जाईन, आणि दादा शेजारी असला तर तूही 'हं, हं' करून ठेवून देशील. म्हणून लिहितेय. चष्मा लाव आणि सावकाश वाच.

माझं काम नेमकं काय, हे घरात कधी कुणी विचारलं नाही. 'कॉम्प्युटरवर काहीतरी खुडबुड करते' एवढ्यावर तुमचं भागायचं. तर ऐक. औषधं मागवायची एक वेबसाइट आहे, तिचं पान लोकांच्या फोनवर किती वेळात उघडतं ते मी मोजते. पहिलं अक्षर कधी दिसलं, चित्र कधी आलं, माणसानं पान बंद कधी केलं, हे आपोआप टिपलं जाऊन आमच्याकडे येतं. नाव नाही, नंबर नाही. फोन कुठल्या बनावटीचा, गाव कुठलं, अक्षरं किती मोठी करून ठेवलीत, एवढंच कळतं. त्याचा अहवाल दर सोमवारी आमच्या मॅनेजरबाईंना द्यायचा. त्यातल्या आलेखात प्रत्येक फोनचा एक ठिपका असतो. पान पटकन उघडलं तर ठिपका डावीकडे, रखडलं तर उजवीकडे. बहुतेक सगळे डावीकडेच दाटीवाटीनं बसलेले असतात.

एक ठिपका मात्र पार उजवीकडे, एकटाच. ऑफिसात सगळे त्याला 'कासव' म्हणायचे. पान उघडतंय, उघडतंय, उघडतंच आहे. मी खोलात जाऊन बघितलं तर गाव आपलं, आणि फोन मी पहिल्या पगारातून बाबांना घेऊन दिलेला. तो आता बाजारात मिळतही नाही. अक्षरं होतील तेवढी मोठी केलेली. तीही मीच करून दिली होती. आणि पान कुठलं, तर औषधांचं नव्हेच. अगदी तळाशी 'आमची माणसं' म्हणून एक पान आहे, तिथं आम्हा काम करणाऱ्यांचे फोटो आहेत. ते पान कुत्रंसुद्धा उघडत नाही. त्यात शेवटून दुसरी मी आहे.

त्या दिवशी मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले. सासर सोडून आले तेव्हा 'या घराची पायरी चढायची नाही' म्हणून ज्यांनी मला बाहेरूनच परत पाठवलं, ते बाबा चोरून माझा फोटो बघत होते! आणि आई, वाईट वाटून घेऊ नकोस, पण मला बाबांपेक्षा तुझाच राग जास्त होता. ते निदान बोलले तरी. तू मागे ओले हात पुसत उभी होतीस आणि तोंडातून चकार शब्द काढला नाहीस. ते पान नेहमी दुपारीच उघडायचं. तू स्वयंपाकघरात आवराआवर करत असताना, तुझ्या नकळत बघत असतील, असं मी धरून चालले.

मॅनेजरबाई म्हणाल्या, ते कासव अहवालातून काढून टाक, एकट्यापायी सगळा आलेख बेढब दिसतो. त्यांचंही बरोबर होतं. शंभरातल्या पंचाहत्तर जणांचं पान वेळेत उघडलं की आमच्या धंद्यात पास धरतात. उरलेल्यांची वाट कोण बघतं? पण मी ऐकलं नाही. उलट हात धुऊन त्या पानाच्या मागे लागले. फोटो हलके केले, वर सरकणारी जाहिरात उडवली, नको ते सामान काढून फेकलं. ठिपका हळूहळू डावीकडे यायला लागला. तीच युक्ती बाकीच्या पानांना लावली, तर तीही भराभर उघडायला लागली. माझं कौतुक झालं, बढती मिळाली. मी मनात विचारायचे, बाबा, आता फार ताटकळावं लागत नाही ना? फोटो आल्यावरही पान कितीतरी वेळ तसंच उघडं असायचं. तेवढ्यावर मी त्यांना सगळं माफ करून टाकलं.

मग एका आठवड्यात ठिपका आलाच नाही. आलेख इतका देखणा दिसायला लागला की बाईंनी केक मागवला. मी तो खाल्लासुद्धा. त्यानंतर दादाचा फोन आला. बाबा गेले, सगळं आटोपलंय, तुला कळवायचं नाही असं तेच बजावून गेले होते. मी त्याच्यावर तुटून पडले. खोटारडा आहेस म्हटलं, ते रोज मला बघायचे, माझ्याकडे पुरावा आहे. तो एवढंच म्हणाला, "तुला तसं वाटत असेल तर तसं." त्या पुराव्याच्या आधारावर मी कालपर्यंत कशीबशी उभी होते.

काल दुपारी ठिपका परत आला. तोच फोन, तीच अक्षरं, तेच पान. मी तारीख पुन्हा पुन्हा तपासली. इतकी वर्षं हेच काम करते, आणि साधी गोष्ट डोक्यात शिरली नाही की मला फोन दिसतो, तो धरणारा हात दिसत नाही. जेवण झालं की बाबा फोन बाजूला टाकून तासभर घोरायचे, हे मला माहीत नव्हतं का? आई, ती पहिल्यापासून तूच होतीस ना? बाबांनी एकदा तरी बघितलं होतं का, हे विचारायलाच मी पत्र लिहायला बसले होते. आता नको. उत्तर मला कळलंय. दादानं सांगितलं तेव्हा बाबा एकदा गेले, आणि काल पुन्हा गेले. पण तू पान उघडून एवढा वेळ ताटकळत होतीस, आणि मी तुझ्याशीच अबोला धरून बसले होते. मी रविवारी येतेय, दादाला काय वाटायचं ते वाटो. मला बाबांसाठी रडायचंय, आणि इथं त्यांना ओळखणारं कुणी नाही.

तुझीच,
धाकटी