‘उलटल्या’ या शब्दाचा खुलासा

प्रति,
मा. शाळा अधीक्षक साहेब,
जनपद सभा कार्यालय, देवडोह,
जि. चांदा (मध्यप्रदेश)

अर्जदार : सौ. भागीरथा मुखरू गुरनुले, शिक्षिका, प्राथमिक शाळा, कोसंबटोला.

विषय : साहेबांवर उलटल्याच्या आरोपाचा खुलासा, व समक्ष सुनावणीस बोलावू नये याबद्दल विनंती.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे ‘कारणे दाखवा’ पत्र, त्यानंतरची दोन स्मरणपत्रे, व १८ एप्रिलच्या सुनावणीचा हुकूम.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय निवेदन करते की, याच प्रकरणी हा माझा चौथा अर्ज आहे. पहिले तीन मी लाजत लिहिले, त्यामुळे घोटाळा कमी होण्याऐवजी वाढला. हा उघड लिहीत आहे. यातील काही शब्द कार्यालयीन पत्रास शोभणारे नाहीत, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. अर्ज एका बैठकीत लिहिणे जमले नाही, मधे मधे उठावे लागले. अक्षर सारखे नाही, तेही सांभाळून घ्यावे.

१. मी गरोदर आहे. पाचवा महिना चालू आहे. या अवस्थेत बायकांना उलट्या होतात हे साहेबांच्या घरीही ठाऊक असेल. बहुतेकींच्या त्या तिसऱ्या महिन्याअखेर थांबतात. माझ्या थांबलेल्या नाहीत. सकाळी होतात, दुपारी होतात, पोटात काही नसले तरी होतात. भाताच्या वाफेने होतात, आणि ज्या पट्ट्यात घरोघर दोन्ही वेळा भातच शिजतो तेथे भाताच्या वाफेपासून पळून जायचे कोठे, हे मला अद्याप सुचलेले नाही. सुकी बोरे तोंडात धरली तर थोडा वेळ बरे वाटते. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. एवढी माहिती प्रकरण समजण्यास पुरेशी व्हावी.

२. फेब्रुवारीत तपासणी साहेब शाळेत आले. तिसरीच्या मुलांना त्यांनी वैनगंगेबद्दल विचारले व मुलांनी उत्तरे बरी दिली. नंतर साहेब माझ्या टेबलाजवळ येऊन हजेरीपट पाहू लागले. साहेबांच्या केसांना चमेलीचे तेल होते. चमेलीचे तेल वाईट असते असे माझे म्हणणे नाही, एरवी मलाही ते आवडते. साहेबांनी मला पटावरील मुलींबद्दल काही विचारले. मी उत्तर देण्यासाठी तोंड उघडले, आणि उत्तराऐवजी सकाळची पेज बाहेर आली. काही भाग साहेबांच्या बुटांवर पडला.

साहेब सज्जन गृहस्थ. ते रागावले नाहीत. बूट धुण्यास पाणी मागितले, माझ्याकडे न पाहता तपासणी आटोपती घेतली, व शेरेबुकात ‘आज घडला प्रकार लिहिण्यासारखा नाही’ एवढेच लिहून निघून गेले. हे त्यांनी माझी लाज राखण्यासाठी लिहिले, याबद्दल मला शंका नाही. पुढे लवकरच त्यांची दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली. लिहिण्यासारखा नसलेला प्रकार कोणता, हे सांगणारे कार्यालयात कोणी उरले नाही.

३. आपल्या कार्यालयाने मग शाळा समितीचे अध्यक्ष सोमाजी पाटील यांच्याकडून अहवाल मागवला. पाटील प्रामाणिक आहेत, जे पाहतात तेच लिहितात. त्यांनी लिहिले : ‘तपासणीचे वेळी बाई साहेबांपुढे उलटल्या. नंतर बाहेर जाऊनही बराच वेळ उलटत होत्या.’ आमच्या भागात पोटातले उलटले की त्यास उलटणेच म्हणतात. कार्यालयाने त्याचा अर्थ, मी साहेबांना उद्धटपणे बोलले व बाहेर जाऊनही बोलत राहिले, असा घेतला. मला ‘कारणे दाखवा’ आले.

ते वाचून पाटलांना वाईट वाटले. माझ्या बाजूने आणखी एक पत्र लिहितो म्हणाले. मी नको म्हणण्याच्या आत त्यांनी ते डाकेत टाकलेही. त्याची नक्कल त्यांनी मला अभिमानाने दाखवली : ‘बाईंचा यात दोष नाही. त्या रोजच उलटतात. सकाळी जास्त. पोरांपुढेही उलटतात, पण पोरांना आता सवय झाली आहे. आम्ही सारे गाव सांभाळून घेतो.’

यानंतर आलेल्या स्मरणपत्रात आरोप वाढले आहेत. सदर शिक्षिका वरिष्ठांवर तसेच विद्यार्थ्यांवर नित्य उलटतात, सकाळी त्यांचा विशेष जोर असतो, आणि गावकरी त्यांना पाठीशी घालतात, असे त्यात नमूद आहे. मी पाटलांकडे जाऊन, असा शब्द तुम्ही का घातलात, असे जरा चिडूनच विचारले. ते गोंधळून म्हणाले, ‘‘पोटातलं उलटलं त्याले उलटल्या नाई म्हणाव तं का म्हणाव, बाई? बाईमाणसाचं याच्याहून उघडं मी कसं लेहू?’’ त्यांचे खरे आहे. मला तरी कोठे लिहिता आले होते? म्हणून पाटलांवर कारवाई करण्यात येऊ नये.

४. माझ्या स्वतःच्या खुलाशांविषयी. पहिल्यात मी ‘प्रकृती अस्वास्थ्यामुळे’ असे लिहिले. त्यावर, अस्वास्थ्य कोणते व ते वरिष्ठांच्या भेटीच्या दिवशीच का झाले, अशी विचारणा झाली. दुसऱ्यात धीर करून ‘मला दिवस गेले आहेत’ असे लिहिले. त्यावर, गेलेल्या दिवसांचा रजेचा अर्ज आधी का दिला नाही, सबब ते दिवस बिनपगारी का धरू नयेत, असे उत्तर आले. असा अर्ज आधी देता येत नाही, साहेब. तिसऱ्यात मी ‘डोहाळ्यांमुळे’ असे लिहून पाहिले. त्यावर, डोहाळे ही खासगी हौस असून शालेय वेळेत ती पुरवली जाऊ नये, अशी समज देण्यात आली. मला कशाचीही हौस नाही. पेलाभर पाणी पोटात टिकावे एवढीच इच्छा आहे.

५. शिकवण्यात कसूर होते काय, असाही एक मुद्दा पत्रात आहे. खुर्चीशेजारी राख घातलेले घमेले ठेवले आहे. दाराजवळ बसून शिकवते, म्हणजे बाहेर जाण्यास सोपे पडते. मी उठले की मुले न सांगता पाढे म्हणू लागतात, आणि मोठ्याने म्हणतात, माझा आवाज बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. हे त्यांना कोणी शिकवले नाही. तेवीसचा पाढा आमच्या शाळेइतका दुसऱ्या कोणत्याही शाळेत पक्का नसेल. शाळेत पाणी भरणाऱ्या बुधरीबाईने घरोघर सांगितल्यामुळे मुली सध्या केसांना टोळीचे, म्हणजे मोहाच्या बियांचे, तेल न लावता येतात. सध्या मोहफुलांचे दिवस आहेत. गावात सारवलेले सपाट आवार शाळेचेच, म्हणून दरवर्षी फुले तेथेच वाळत घालतात. यंदा लोकांनी ती नदीकाठच्या खडकावर नेली. मी कोणास तसे सांगितले नव्हते. वास काही खडकावर राहत नाही, पण त्यांनी नेली.

माझे पती लाकूडठेकेदाराकडे मुन्शी असून पावसाळा लागेपर्यंत जंगलातच असतात. नोकरी सोड, असे त्यांनी मागेच सांगितले आहे. मी सोडलेली नाही. मी येण्यापूर्वी या शाळेच्या पटावर एकही मुलगी नव्हती. आता पुढच्या दोन्ही रांगा मुलींच्या आहेत. माझ्या जागी मास्तर आले तर या रांगा रिकाम्या होतील, हे पाटलांनीच मला सांगितले. मला ही नोकरी हवी आहे. हे मी लाजून लिहीत नाही.

६. आता सुनावणी. १८ एप्रिलला देवडोह येथे समक्ष हजर राहण्याचा हुकूम आहे. प्रवास करू शकत नाही असे मी कळवले, तेव्हा, प्रवास करू शकत नसल्याचा दाखला देवडोह येथील डॉक्टरांपुढे समक्ष हजर राहून आणावा, असे उत्तर मिळाले. म्हणजे येता येत नाही एवढे सांगण्यासाठी मी यावे. हे वाचून मला हसू आले, आणि हसल्यामुळे पुन्हा उठावे लागले. आजकाल हसणेही परवडत नाही.

साहेब देवडोहला राहतात, त्यामुळे इकडची वाट त्यांनी पाहिली नसेल. येथून खासरीने निघायचे, म्हणजे बसायची छोटी बैलगाडी. जंगलातून नदीपर्यंत सगळी वाट दगडांची. नदी पायी उतरून पलीकडे मोटारीची वाट पाहायची, ती आली तर आली.

७. पुढील मजकूर कोणत्याही खुलाशात लिहिलेला नाही, व लिहिण्याचा माझा विचारही नव्हता. दोन वर्षांपूर्वी सर्व शिक्षकांना देवडोहच्या संमेलनास बोलावले होते. तेव्हाही मला पाचवाच महिना होता. तेव्हाही अशाच उलट्या होत होत्या. नवी नोकरी, नाही कसे म्हणायचे, म्हणून गेले. संमेलनात शेवटच्या रांगेत बसले व सर्व भाषणे ऐकली. परतताना खासरीत पोटात दुखू लागले. नदीच्या अलीकडे गाडी थांबवावी लागली. सोबत बुधरीबाई होती, दुसरे कोणी नव्हते. मुलगा होता. त्याला तेथेच ठेवून आम्ही घरी आलो.

त्यानंतर मी घरी पडून होते, त्या दिवसांची रजा कार्यालयाने लगेच मंजूर केली. मंजुरीच्या कागदावर ‘किरकोळ रजा’ असे लिहिले होते. रजेचे नावच तसे आहे हे मला समजते. पण तो शब्द मला फार लागला, आणि अजून लागतो.

सुनावणीचा हुकूम आला त्या दिवशी बुधरीबाईने मला तो वाचून दाखवायला लावला. मी वाचला. ती जमिनीकडे पाहत म्हणाली, ‘‘मागच्या खेपेस मी सोबत होती. या खेपेस मी बैलच जुपू देत नाई.’’ मग घागर उचलून पाण्याला गेली. ती कार्यालयाची नोकर आहे, तेव्हा हेही उलटणेच ठरेल. पण मी तिला समज दिलेली नाही, देणारही नाही.

८. परवा फळ्यावर लिहीत असता पोटात पहिल्यांदा हालचाल जाणवली. मी खडू ठेवून खाली बसले. मुलांना वाटले नेहमीचेच आहे, म्हणून त्यांनी पाढे मोठ्याने सुरू केले. मी त्यांना थांबवले नाही. साहेब, मी फार थकले आहे. रात्री झोप नाही, दिवसा अन्न नाही, आणि मधल्या वेळात खुलासे लिहायचे. पण परवापासून मला थकव्याहून भीती जास्त वाटते. त्या वाटेची भीती वाटते.

तरी विनंती अशी की :
(अ) पाटलांच्या पत्रातील ‘उलटल्या’ या शब्दाचा अर्थ ‘ओकल्या’ असा वाचावा व मी साहेबांवर उलटल्याचा आरोप काढून टाकावा. बुटांबद्दल मी साहेबांची मनापासून क्षमा मागते व ती त्यांच्या नव्या पत्त्यावर कळवावी.
(आ) सुनावणी घ्यायचीच असल्यास ती कोसंबटोला येथे घ्यावी. येणाऱ्या साहेबांची जेवणाची व्यवस्था पाटलांकडे होईल. केसांना तेल न लावता यावे, एवढी विनंती आहे.
(इ) दोन्ही शक्य नसल्यास माझी तक्रार नाही. मात्र १८ तारखेस मी देवडोहला येणार नाही. त्या दिवशी शाळा भरेल व मी शाळेत असेन. कार्यालयाने मला गैरहजर मांडावे, येथील हजेरीवर मी हजर असेन.

वरिष्ठांचा हुकूम मोडण्याचा परिणाम मला ठाऊक आहे. साहेबांना विचार करण्यास वेळ लागू नये व आणखी पत्रव्यवहार वाढू नये, म्हणून त्याचीही तजवीज सोबत केली आहे.

कळावे, ही नम्र विनंती.

आपली आज्ञाधारक राहण्याची इच्छा असलेली,
सौ. भागीरथा मुखरू गुरनुले
शिक्षिका, कोसंबटोला
दि. ४ एप्रिल १९५५

सहपत्रे :
१) सोमाजी पाटील यांच्या दोन्ही पत्रांच्या नकला.
२) ‘उलटणे’ या शब्दाचा या भागातील अर्थ, गावातील पाच बायकांच्या अंगठ्याच्या ठशांसह.
३) तिसरीच्या मुलींच्या वार्षिक परीक्षेच्या भूगोलाच्या उत्तरपत्रिका. त्या पाहण्यात याव्यात.
४) माझा राजीनामा. सही केली आहे. तारीख माझ्याने घालवेना, ती साहेबांनी घालावी.